तारोडीचा बेनेडिक्ट आणि उसना आवाज

बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीवरून बेनेडिक्ट पडला, तेव्हा तारोडीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने वर चढून दोर आवळायचे नसतात, असं त्याची बायको फ्लोरिन त्याला दर हंगामात सांगायची आणि दर हंगामात तो चढायचा. या वेळी पायाखालचा बांबू सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. भाईंदरच्या डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं आणि घरी पाठवून दिलं.

घरात बसणं ही बेनेडिक्टला माहीत नसलेली गोष्ट. लाटांचा आवाज ऐकू येईल अशा घरात तो जन्मला. आठवीपर्यंत शाळेत रमला, म्हणजे खरं तर शाळेच्या खिडकीत रमला, आणि मग बापाच्या होडीवर गेला. बाप गेल्यावर होडी त्याची झाली. तिचं नाव ‘देवमाता’. डोंगरीची फ्लोरिन लग्न करून घरात आली, मुलगा सॅव्हियो झाला, मग बऱ्याच वर्षांनी टिना झाली. सॅव्हियो आता एका प्रवासी जहाजावर आचारी आहे. टिना मीरा रोडला दातांच्या डॉक्टरांकडे काम करते आणि नवऱ्याबरोबर तिथेच राहते. मासळी कमी कमी होत गेली तसं बेनेडिक्टने होडी विकली. विकताना रडला नाही, पण त्या संध्याकाळी जेवलाही नाही. पुढे घरामागे थोडी वांगी, थोडा माठ, दुसऱ्यांच्या होडीचे बोंबील घेऊन सुकवणं, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, असं त्याचं बरं चाललं होतं. कुणाशी वाकडं नाही, कशाची हाव नाही. गावात सुखी माणूस दाखवा म्हटलं असतं तर चार बोटं त्याच्याकडे वळली असती.

त्या सुखात एकच काटा होता, आणि तो टीव्हीतला होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी उत्तनच्या किनाऱ्यावर ‘काला किनारा’ नावाच्या हिंदी मालिकेचं शूटिंग झालं होतं. खून, पोलीस, रहस्य, अशी ती मालिका. कलाकारांना आणि कॅमेऱ्यांना जागा मिळवून देणारा भाईंदरचा रोहित नावाचा पोरगेला माणूस होडी शोधत तारोडीत आला आणि त्याने ‘देवमाता’ पसंत केली. कोळ्याचं काम करायला मुंबईहून एक नट आणला होता. होडी जरा आत गेली, डोलायला लागली, आणि त्या नटाच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. दोनदा किनाऱ्यावर आणला, दोनदा परत नेला, तिसऱ्यांदा तो होडीत पाय ठेवायला तयार होईना. तेव्हा दिग्दर्शकाची नजर सुकाणूशी उभ्या असलेल्या बेनेडिक्टवर गेली.

काम छोटं होतं. जाळं ओढायचं, जाळ्यात पत्र्याची पेटी येते, ती उघडायची, आत बघून मागे सरायचं. मग होडी किनाऱ्याला लागते आणि इन्स्पेक्टर बाई विचारते की पेटी कुठे सापडली. त्यावर एक वाक्य: “साहब, समंदर कुछ रखता नहीं. लौटा देता है.” बेनेडिक्टने ते पहिल्याच फटक्यात केलं. दिग्दर्शकाने त्याला मिठी मारली. किनाऱ्यावर गावाबरोबर उभ्या असलेल्या फ्लोरिनने आणि टिनाने टाळ्या वाजवल्या.

मालिकेचा पहिला भाग लागला त्या दिवशी अख्खी गल्ली बेनेडिक्टच्या घरात होती. चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणल्या होत्या. फ्लोरिनने केक केला होता. पडद्यावर ‘देवमाता’ दिसली तशी लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. बेनेडिक्टचा चेहरा आला, जाळं आलं, पेटी आली. मग त्याने तोंड उघडलं आणि त्यातून भलत्याच माणसाचा आवाज आला. जाड, घोगरा, विहिरीतून आल्यासारखा. बेनेडिक्टचा स्वतःचा आवाज बारीक, जरासा सानुनासिक. मग मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. वाईट मनाने कुणी हसलं नाही. पण बेनेडिक्ट उठला आणि होडीकडे निघून गेला.

गोष्ट तिथे संपली असती. पण मालिका चालली, आणि अशी चालली की एका मागून एक सीझन येत राहिले. प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर तेच वाक्य वाजायचं, त्याच घोगऱ्या आवाजात. गावातली मुलं बेनेडिक्टला ‘समंदर अंकल’ म्हणायला लागली. रिक्षावाला ॲड्रियन तर त्याला सोडताना सुट्टे पैसे परत करायचा तेसुद्धा आवाज जाड करून, “अंकल, समंदर कुछ रखता नहीं” असं म्हणत. बेनेडिक्ट हसायचा. आतून मात्र त्याला वाटायचं की त्या लोकांनी चेहरा ठेवला आणि आवाज फेकून दिला, म्हणजे आवाजात काही खोट असणार. तेव्हापासून परक्या माणसापुढे हिंदी बोलायची वेळ आली की तो फ्लोरिनला पुढे करायचा. आणि ‘काला किनारा’ त्याने पुन्हा कधी पाहिली नाही. फ्लोरिन पाहायची. सगळे सीझन पाहायची. मालिका लागली की बेनेडिक्ट चपला घालून किनाऱ्यावर जायचा, आणि संपल्यावर यायचा. त्यावरून त्यांच्यात कधी भांडण झालं नाही. काही घरांत नवऱ्याला मुळा चालत नाही म्हणून बायको एकटी खाते, तसं ते होतं.

आता मात्र पाय प्लास्टरमध्ये होता, खाट टीव्हीच्या खोलीत होती, आणि मालिकेचा शेवटचा सीझन येणार असल्याची जाहिरात लागली होती. फ्लोरिनने ठरवलं की शेवट बघायच्या आधी सगळं पहिल्यापासून पुन्हा बघायचं, कारण मधल्या सीझनांत कोण मेलं आणि कोण उरलं हेच तिला आठवेनासं झालं होतं. टिनाने येऊन टीव्हीला नेट जोडून दिलं आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

“तुला नको तर मी किचनमध्ये फोनवर बघते,” फ्लोरिन म्हणाली.

“बघ इथेच. मी झोपलेला हाय,” बेनेडिक्ट म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

भिंतीकडे तोंड करून त्याने पहिला भाग ऐकला. लाटा ऐकल्या, आपल्याच होडीच्या इंजिनाची धडधड ऐकली आणि ती त्याने लगेच ओळखली. मग तो आवाज आला. इतक्या वर्षांत बेनेडिक्टने ते वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं, पण दुसऱ्यांच्या तोंडून, थट्टेत. मूळचं त्याने एकदाच ऐकलं होतं, तेही भरल्या खोलीत, कान लाल झालेले असताना. आता समोर नुसती भिंत होती. त्याच्या लक्षात आलं की ‘समंदर’ म्हणायच्या आधी तो माणूस एक छोटा श्वास घेतो. होडी चढवून दमलेला माणूस घेतो तसा. हा श्वास बेनेडिक्टचा होता. त्या दिवशी किनाऱ्यावर तो खरोखर दमला होता.

“परत लाव जरा,” तो म्हणाला.

फ्लोरिनने काही न विचारता परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बेनेडिक्ट कुशीवर वळला होता. पडद्यावर काळ्याभोर केसांचा, ताठ मानेचा एक माणूस जाळं ओढत होता. पायाखाली ‘देवमाता’, नव्या रंगाची. त्या घोगऱ्या आवाजाच्या माणसाने बेनेडिक्टच्या ओठांची एकेक हालचाल पाहिली होती, तो कुठे थांबतो, कुठे गिळतो, सगळं. इतक्या बारकाईने आपल्याकडे आजवर कुणी बघितलंय, असा विचार बेनेडिक्टच्या मनात आला, आणि फ्लोरिनचं नाव सोडलं तर दुसरं सुचेना.

भाग संपला. फ्लोरिन टीव्ही बंद करायला उठली.

“मग ती पेटीतली बाई कोण?” त्याने विचारलं.

फ्लोरिन रिमोट हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की ज्याच्या जाळ्यात प्रेत सापडलं, त्या माणसाला ते प्रेत कुणाचं हे तेरा वर्षांत माहीत नाही. खुनी कोण ते सगळ्या देशाला ठाऊक होतं, तारोडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. फक्त बेनेडिक्टला नव्हतं.

“सांगणार न्हाय,” ती म्हणाली. “बघ आणि कळू दे.”

तिथून घराचं रूपच पालटलं. संध्याकाळचा चहा झाला की दोघं टीव्हीपुढे. बेनेडिक्टला आधी मालिकेतल्या गावच्या डॉक्टरवर संशय आला, कारण तो फार गोड बोलायचा. मग शाळामास्तरवर आला. मग इन्स्पेक्टर बाईच्या नवऱ्यावर. दर वेळी तो फ्लोरिनच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि फ्लोरिन शेंगा सोलत राहायची, तिच्या कपाळावरची आठीसुद्धा हलायची नाही. तिने गावात सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली होती. आजाऱ्याला भेटायला लोक यायचे, नारळ-केळी ठेवायचे, पायाची चौकशी करायचे आणि बोलणं मालिकेवर आलं की ओठ मिटून घ्यायचे. चर्चचे फादरसुद्धा प्रार्थना करून झाल्यावर म्हणाले की डॉक्टरबद्दल मनात किल्मिष धरू नकोस, आणि मग आपण जास्त बोललो हे लक्षात येऊन घाईने निघाले. ॲड्रियन एकदा दारातूनच ‘अंकल, तो मास्तर’ एवढं म्हणाला, तर फ्लोरिनने झाडू उचलला.

पहिल्या सीझनचा शेवटचा भाग तेवढा उरला आणि बेनेडिक्टने तो लावू दिला नाही. त्याला आधी एक काम करायचं होतं. त्या आवाजाचा माणूस शोधायचा होता.

का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. फ्लोरिनला वाटलं, याला भांडायचं असेल. टिनाला वाटलं, पपांना पाय धरून बसल्याचा कंटाळा आलाय. बेनेडिक्ट एवढंच म्हणाला की माझं तोंड घेऊन तो तेरा वर्षं बोलतोय, एकदा त्याचं तोंड बघायला काय हरकत आहे.

टिनाने रोहितला गाठलं. रोहित आता पोरगेला राहिला नव्हता. चेण्याच्या बाजूला त्याचे दोन बंगले होते आणि तिथे रोज कुठल्या ना कुठल्या मालिकेची लग्नं आणि घटस्फोट चालू असायचे. बेनेडिक्टचं नाव ऐकून त्याला आनंद झाला. आठवडाभर त्याने इकडेतिकडे फोन फिरवले आणि मग कळवलं की त्या माणसाचं नाव दिपेश, आणि तो लांब कुठे नाही, मीरा रोडला शांतीनगरमध्ये राहतो. इतकी वर्षं दोघं एकाच महापालिकेचं पाणी पीत होते.

रविवारी दुपारी दिपेश आला. बरोबर बायको, सुरुची. ॲड्रियनच्या रिक्षातून उतरलेला माणूस बघून बेनेडिक्टला आधी वाटलं की हा कुणी दुसराच पाहुणा. पन्नाशीचा, किडकिडीत, चष्म्याच्या जाड काचांमागे डोळे मिचकावणारा. मग त्याने “नमस्ते अंकल” म्हटलं आणि खिडकीतली मांजर उठून पळाली. तोच आवाज होता.

दिपेश मूळचा गुजराती, पण मराठी बरं बोलायचा, मधे मधे हिंदी घालून. दारातच तो थबकला होता. पडद्यावरचा माणूस खाटेवर बसलेला बघून त्याने चष्मा नीट केला. मग तो म्हणाला, “अंकल, तुमचा चेहरा मला पाठ आहे. या दाताची फट पण पाठ आहे.”

बेनेडिक्टने बसायला सांगितलं आणि मनातलं विचारायचं सोडून जेवणाचं विचारलं. जेवणावरून आदल्या दिवशी घरात खल झाला होता. पाहुणा मासे खात नाही म्हटल्यावर फ्लोरिनला हात बांधल्यासारखं झालं होतं. तिने वालाची उसळ केली, घरची वांगी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. दिपेश मन लावून जेवला. सुरुची मात्र वाढून घेताना स्वयंपाकघराकडे बघत होती. ती अलिबागकडची. लग्नानंतर घरात मासळी शिजवणं सुटलं होतं, तक्रार नव्हती, पण आतल्या सुक्या बोंबलांच्या वासाने जीव कासावीस झाला होता. फ्लोरिनच्या ते लक्षात आलं. तिने सुरुचीला मदतीला म्हणून आत नेलं, आणि नंतर बराच वेळ आतून तव्यावर बोंबील चुरचुरल्याचा आणि दोन बायका हळू हसल्याचा आवाज येत राहिला. दिपेशने सगळं ऐकलं आणि कानावर पडलं नाही असा चेहरा केला.

जेवणं झाल्यावर बेनेडिक्टने विचारलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारायला त्याला तसे थोडेच शब्द लागले.

“माझा आवाज वाईट होता काय?”

दिपेशने चष्मा काढून पुसला. त्याने सांगितलं की किनाऱ्यावर वारा इतका होता की ध्वनिमुद्रणात नुसती घरघर आली होती. बेनेडिक्टला स्टुडिओत बोलवायचं असं ठरलंही होतं, पण तारोडीत तेव्हा फोन लागायचा नाही, आणि कुणीतरी म्हणालं की तो होडी घेऊन बाहेर गेलाय. भाग दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दिपेश एका हवालदाराचा आवाज द्यायला आला होता, त्याला म्हणाले की जाता जाता हेही करून टाक. एका वाक्यासाठी त्याने संध्याकाळ घालवली, कारण बेनेडिक्टचे ओठ काही केल्या जुळेनात.

“तेव्हापासून मी पुष्कळ कामं केली,” दिपेश म्हणाला. “पण लोकांना माहीत आहे ते हेच. आणि मी कुणाला सांगितलं की हा आवाज माझा आहे, तर सांगतात, खोटं बोलू नकोस, तो तर कोळी आहे. आमच्या सोसायटीत पण कोणी मानत नाही. माझी आई तुमचा फोटो बघून म्हणायची, हा माणूस माझ्या पोराचा आवाज घेऊन गेला.”

आपल्याकडून कुणाचं काही गेलं असेल, असं बेनेडिक्टला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याने दिपेशच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मग दिपेशने एक विनंती केली. तुम्ही तेव्हा कसं बोलला होतात ते एकदा ऐकवा, म्हणाला, कारण मला वाऱ्याच्या घरघरीत शब्द कधी ऐकूच आले नाहीत. बेनेडिक्ट खाटेवर सावरून बसला, घसा साफ केला आणि बोलला. त्याच्या तोंडून वाक्य निघालं ते दिपेशच्या चालीवर. पुन्हा बोलला, पुन्हा तेच. इतकी वर्षं गावाने ते वाक्य त्याला जाड आवाजात ऐकवलं होतं, त्याखाली त्याचं मूळचं कुठे गेलं ते त्याला सापडेना. त्याचा चेहरा पडला.

फ्लोरिन स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, “मी सांगते. मी होते ना तिथे.” आणि तिने नाकातून, बेनेडिक्टच्या त्या बारीक सुरात म्हटलं, “साब, दर्या काय ठेवत न्हाय. परत देते है.”

मग दिपेश असा हसला की भांडी हलली. हसता हसता त्याने डोळे पुसले. आता कळलं, म्हणाला, ओठ का जुळत नव्हते ते. “आंटी, ही हिंदी देशाला झेपली नसती.”

बेनेडिक्टही हसायला लागला. त्याला आठवलं. खरंच, तो तसंच बोलला होता, आणि दिग्दर्शकाने मिठी मारली होती. आवाज बदलला तो खरंच वाऱ्यामुळे, की या हिंदीमुळे आणि पाहुण्याने त्याचं मन राखायला वारा काढला, हे त्याने पुढे कधी विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही. पोटातली गाठ सुटली होती, ती कुठल्या टोकाने सुटली याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

त्यानंतर चौघांनी मिळून शेवटचा भाग पाहिला. खुनी निघाला तो पोस्टमन, ज्याच्यावर बेनेडिक्टने एकदाही संशय घेतला नव्हता, उलट बिचारा उन्हात किती फिरतो म्हणून हळहळला होता. तो इतका चिडला की प्लास्टरचा पाय खाटेवर आपटला. गंमत म्हणजे दिपेशलाही खुनी कोण ते ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात त्याच्यापुरते तुकडे यायचे, तेवढे बोलून तो घरी जायचा. दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले की चला, आपण दोघेच राहिलो होतो. निघताना सुरुचीच्या पिशवीत फ्लोरिनने कागदात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं, आणि दिपेशने पिशवी स्वतः उचलून घेतली.

प्लास्टर निघालं. बेनेडिक्ट काठी घेऊन वांग्यांपर्यंत जाऊ लागला. वलांडीकडे मात्र फ्लोरिन त्याला फिरकू देत नव्हती. ॲड्रियनने रिक्षात पुन्हा तो घोगरा आवाज काढला, तर बेनेडिक्टने त्याला सांगितलं की श्वास चुकीच्या जागी घेतोस, आणि कुठे घ्यायचा ते दाखवलं. दिपेशचा फोन अधूनमधून यायचा. दोघांनी आपापल्या घरी दुसरा सीझन सुरू केला होता आणि दोघांचे संशय वेगवेगळ्या माणसांवर होते.

एका संध्याकाळी फ्लोरिन डोंगरीला भावाकडे गेली होती. बेनेडिक्टला राहवलं नाही. त्याने टीव्हीपाशी बसून, आवाज बारीक करून, पुढचा भाग एकट्याने पाहून टाकला. फ्लोरिन आली, तिने पिशवी ठेवली, जाता जाता टीव्हीच्या अजून गरम असलेल्या मागच्या बाजूला हात लावला आणि काही न बोलता चहा टाकला. मग दोघं बसली आणि तिने तोच भाग लावला. बेनेडिक्ट जिथे दचकायचं तिथे दचकला, जिथे “अरे देवा” म्हणायचं तिथे म्हणाला, आणि शेवटी वकील मेला तेव्हा त्याने कपाळावर हातसुद्धा मारून घेतला.

फ्लोरिनने कप उचलले. “काम चांगलं करतोस,” ती म्हणाली. “आवाज पण तुझाच हाय.”

बेनेडिक्ट कानापर्यंत हसला आणि पुढचा भाग लाव म्हणाला.